पत्रकारांच्या अधिवेशनात आपली खुर्ची कोणती?



दरवर्षी ६ जानेवारी आली की महाराष्ट्रात गावोगाव पत्रकार दिन साजरा होतो. १८३२ साली याच तारखेला आचार्य बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण'चा पहिला अंक काढला, त्याची ही आठवण. या सुमारास पत्रकारांचे मेळावे, कार्यशाळा, अधिवेशने यांचा हंगामच सुरू होतो. फलक लागतात, फेटे बांधले जातात, शाली-श्रीफळांची खरेदी होते. पूर्वी अशा ठिकाणी फक्त वर्तमानपत्रवाले दिसायचे. आता टीव्हीवाले असतात, मोबाईलवर बातम्यांचे चॅनेल चालवणारे असतात, कंपन्यांचे जनसंपर्क अधिकारी असतात, जाहिरातीची माणसे असतात. या सगळ्यांना मिळून 'माध्यमकर्मी' असा एक नवा शब्द रूढ झाला आहे.

अशा अधिवेशनाची पत्रिका आपल्या वस्तीतल्या एखाद्या तरुणालाही येते. आमच्या ओव्यात, शेजारच्या खारघरमध्ये, तळोजा एमआयडीसीच्या बाजूला असे काही तरुण आहेत की जे दिवसा कंपनीत पाळी करतात आणि रात्री बातमी लिहितात. त्यांच्यापैकी दोघांनी मला विचारले, "भाऊ, नावनोंदणीचे पैसे भरायचे, एक खाडा करायचा, आणि तिथे जाऊन मागच्या खुर्चीवर बसायचे. जावे की नाही?" प्रश्न रास्त आहे. ठेकेदाराकडे काम करणाऱ्याचा एक खाडा म्हणजे घरातला एक दिवसाचा किराणा. म्हणून आज या विषयाचा हिशेब मांडतो. मी कारकून माणूस. भाषणापेक्षा जमाखर्च मला बरा समजतो.

जमेची बाजू

आधी जमेची बाजू पाहू, कारण ती नाकारणे अन्यायाचे होईल. पत्रकार हा तसा एकटा माणूस असतो. मालकापुढे एकटा, पुढाऱ्यापुढे एकटा आणि वाळूवाल्या-जमीनवाल्या गुंडापुढे तर अगदीच एकटा. चार जण एकत्र आले की त्याला बळ येते. मराठी पत्रकार परिषद ही संस्था १९३९ साली स्थापन झाली, ती याच गरजेतून. पुढे तालुक्या-तालुक्यात पत्रकार संघ झाले. अधिवेशने होत राहिली, ठराव होत राहिले. त्यातले पुष्कळ ठराव कपाटात गेले हे खरे. पण सगळेच गेले नाहीत. पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्ध कायदा हवा, ही मागणी वर्षानुवर्षे अशाच व्यासपीठांवरून झाली आणि २०१७ साली विधिमंडळाने तो कायदा मंजूर केला. हल्ला करणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद त्यात आहे. म्हाताऱ्या पत्रकारांसाठी जांभेकरांच्या नावाने सन्मान योजना आली, तीसुद्धा मागणी लावून धरल्यामुळेच.

आपल्या रायगड जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. मुंबई-गोवा महामार्गावर रोज माणसे मरत होती. जिल्ह्यातील पत्रकारांनी नुसत्या अपघाताच्या बातम्या देऊन न थांबता रस्ता रुंद व्हावा म्हणून स्वतः आंदोलन केले. पनवेलजवळच्या पळस्प्यापासून इंदापूरपर्यंतच्या ८४ किलोमीटरचे काम २०११ साली सुरू झाले. ते पुढे किती रखडले हा वेगळा विषय आहे, आणि त्यावर कोकणात जाणारा प्रत्येक चाकरमानी तासभर बोलू शकेल. मुद्दा एवढाच की, लेखणीवाले एकत्र आले की सरकारला जागेवरून हलावे लागते.

तेव्हा अधिवेशन म्हणजे नुसता जेवणाचा कार्यक्रम, असे कोणी म्हणत असेल तर ते बरोबर नाही.

खर्चाची बाजू

आता दुसरी बाजू. काही वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या पत्रकारांच्या मेळाव्याला मी एका वार्ताहर मित्राबरोबर गेलो होतो. दारात नोंदणीचा फॉर्म दिला गेला. त्यात रकाने होते : दैनिकाचे नाव, हुद्दा, नियुक्तिपत्राचा क्रमांक, अधिस्वीकृती क्रमांक. माझा मित्र अकरा वर्षे साप्ताहिकांना बातम्या पाठवत होता. वस्तीतले पाणी, रेशन, स्मशानभूमीची जागा, शिष्यवृत्ती, सगळे त्याने लिहिले होते. पण फॉर्ममध्ये नाव आणि पत्ता यांपलीकडे लिहायला त्याच्याकडे काहीच नव्हते. टेबलामागच्या माणसाने फॉर्म पाहिला आणि त्याला बिल्ला दिला, त्यावर लिहिले होते 'इतर'. संध्याकाळी खुली चर्चा होती. प्रमुख पाहुणे दीड तास उशिरा आल्यामुळे ती रद्द झाली. सत्कार मात्र एकही रद्द झाला नाही.

यात कुणा एका माणसाचा दोष नव्हता. दोष रकान्यांचा होता. १९५५ च्या श्रमिक पत्रकार कायद्याने पत्रकाराची जी व्याख्या केली, तिचा अर्थ असा की, ज्याचा मुख्य व्यवसाय पत्रकारितेचा आहे आणि जो वृत्तपत्राच्या नोकरीत आहे तो पत्रकार. तो कायदा पुढे २०२० च्या कामगार संहितेत सामावला गेला, पण विचार करण्याची पद्धत तीच राहिली. पगारी पत्रकाराच्या हक्कासाठी ही व्याख्या योग्यच होती. मात्र आपले बहुतेक वार्ताहर तिच्या बाहेर पडतात. कोणी नगरपालिकेत सफाई कामगार, कोणी शाळेत शिपाई, कोणी रिक्षा चालवतो, कोणी माझ्यासारखा टेबलावर बसतो. त्यांचा मुख्य व्यवसाय पोट भरणे हा आहे आणि लिहिणे हे त्यांनी अंगावर घेतलेले काम आहे. त्यांना नियुक्तिपत्र नाही, मानधन नाही. म्हातारपणी सन्मान योजनेचा अर्ज करायचा म्हटले तर इतकी वर्षे लिहिल्याचा दाखला कोण देणार? कित्येकांनी लिहिलेल्या अंकांची कात्रणेसुद्धा पावसात भिजून गेली.

कोणी म्हणेल, असे वार्ताहर नसले तर बिघडले कुठे? काय बिघडते ते आम्ही खारघरकरांनी पाहिले आहे. १६ एप्रिल २०२३ रोजी आमच्या खारघरच्या मैदानावर महाराष्ट्र भूषण पुरस्काराचा सोहळा झाला. व्यासपीठावर छप्पर होते. लाखोंचा समुदाय भर उन्हात उघड्यावर होता. उष्माघाताने १४ माणसे दगावली. त्यानंतर सगळीकडे लिहून आले, चौकशीची मागणी झाली. पण बातमीदाराचा खरा प्रश्न आदल्या दिवशीचा असतो : मांडव कोणावर आहे आणि कोणावर नाही? पाणी कुठे ठेवले आहे? एप्रिलमधले ते मैदान कसे तापते, हे तिथे राहणाऱ्याला, तिथे मजुरी करणाऱ्याला ठाऊक असते. असा माणूस बातमीच्या कामात असणे ही कुणाच्या मानापमानाची गोष्ट नाही. ती जिवाची गोष्ट आहे.

आपल्या मातीतला धडा

मग अधिवेशन कसे असावे? यासाठी फार लांब जायला नको. नारायण मेघाजी लोखंडे यांचे नाव आपल्या घरांत माहीत आहे. गिरणीत स्टोअरकीपरचे काम केलेला हा माणूस, म्हणजे आमच्या कारकुनांच्याच जातकुळीतला. कृष्णराव भालेकरांनी १८७७ साली सुरू केलेले 'दीनबंधु' पत्र लोखंडे यांनी १८८० मध्ये चालवायला घेतले. १८८४ साली त्यांनी मुंबईत परळला सुपारीबागेत गिरणी कामगारांची सभा घेतली. त्या सभेच्या मागण्या पाहा. रविवारी सुट्टी मिळावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला संपावे. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. अर्जावर सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्या घेतल्या गेल्या.

या मागण्यांत 'कामगारांचे कल्याण व्हावे' असे मोघम वाक्य नाही. वार आहे, वेळ आहे, तारीख आहे. त्यामुळे मालकाला 'पाहू, करू' म्हणून सुटता आले नाही. पाठीशी स्वतःचे पत्र होते, ते दर आठवड्याला आठवण करून देत होते. सहा वर्षे लागली. १० जून १८९० रोजी गिरण्यांना रविवारची सुट्टी जाहीर झाली. आज आपण रविवारी घरी मुलाबाळांत बसून हा अंक वाचता, त्यामागे एक सभा आणि एक वर्तमानपत्र आहे.

दुसरा धडा आपल्याच जिल्ह्यातला. १९ आणि २० मार्च १९२७ रोजी महाडला भरली ती कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. त्या परिषदेतून लोक उठले ते चवदार तळ्यावर गेले, हे शाळकरी मुलालाही माहीत आहे. पण तारखांकडे नीट पाहा. परिषद संपली २० मार्चला आणि 'बहिष्कृत भारत'चा पहिला अंक निघाला ३ एप्रिलला. मध्ये फक्त दोन आठवडे! परिषदेत जे झाले त्याच्यावर बाहेर काय काय छापून येईल हे बाबासाहेब ओळखून होते. सात वर्षांपूर्वी 'मूकनायक' निघाला तेव्हा त्याची पैसे देऊन केलेली जाहिरातसुद्धा 'केसरी'ने छापली नव्हती. म्हणून परिषदेच्या पाठोपाठ पत्र आले. परिषदेने काम सुरू करायचे आणि पत्राने ते सोडायचे नाही, अशी ही जोडी होती.

त्या पत्राचा जमाखर्चही आपण विसरू नये. पगारी संपादक ठेवायला पैसा नव्हता, म्हणून अंकाचे चोवीस-चोवीस रकाने बाबासाहेबांना स्वतः लिहून काढावे लागत. ३ फेब्रुवारी १९२८ च्या अंकात त्यांनी या कर्जाचा विषय अग्रलेखातच मांडला. हे ऋण एकट्या संपादकाचे नसून समाजाचे आहे, असा त्याचा आशय होता. १९२९ च्या नोव्हेंबरात पत्र बंद पडले. सुमारे वर्षभराने, २४ नोव्हेंबर १९३० ला 'जनता' उभे राहिले. विद्वत्तेची वाण नव्हती. वाण होती ती वर्गणीची. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मोजल्याशिवाय कळत नाही

आता दिल्लीची गोष्ट सांगतो. १९९६ साली अमेरिकेच्या 'वॉशिंग्टन पोस्ट'चे केनेथ कूपर नावाचे वार्ताहर दिल्लीत होते. ते स्वतः कृष्णवर्णीय. त्यांनी बी. एन. उनियाल या ज्येष्ठ पत्रकाराला विचारले की, मला एखाद्या दलित पत्रकाराशी बोलायचे आहे, कोणी माहीत आहे का? उनियाल यांना एकही नाव आठवेना. त्यांनी सरकारी अधिस्वीकृतीची यादी काढली. जवळजवळ सातशे नावे होती. शोधून, फोन करून ते थकले. दलित पत्रकार सापडला नाही. ही हकिकत त्यांनी १६ नोव्हेंबर १९९६ च्या 'पायोनियर'मध्ये प्रामाणिकपणे लिहिली. आपण तीस वर्षे या धंद्यात असून हा प्रश्न आपल्याला कधी पडला नाही, एका परक्याने विचारावा लागला, याची खंत त्या लेखात होती.

दहा वर्षांनी, २००६ साली योगेंद्र यादव, अनिल चमडिया आणि जितेंद्र कुमार यांनी पाहणी केली. दिल्लीच्या ३७ वृत्तसंस्थांतले निर्णय घेणारे ३१५ जण त्यांनी मोजले. त्यात दलित शून्य, आदिवासी शून्य. पुढे २०१९ साली ऑक्सफॅम आणि न्यूजलाँड्री यांनी मोजणी केली. वृत्तपत्रे, वाहिन्या, मासिके यांतल्या १२१ वरिष्ठ जागांपैकी १०६ जागांवर उच्च जातीची माणसे होती. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस नव्हता. १९९६ चा शून्य २००६ मध्ये शून्य आणि २०१९ मध्येही शून्य. आमच्या ऑफिसात एखाद्या खात्यात तेवीस वर्षे शून्य शिल्लक दिसली तर ऑडिटर खुलासा मागतो. इथे खुलासा मागणारे कोणी नाही.

आणि या तिन्ही मोजण्या अधिवेशनांच्या बाहेर झाल्या, हे ध्यानात घ्या. पत्रकारांच्या एखाद्या मोठ्या अधिवेशनाने, 'आमच्यात कोण आहे आणि कोण नाही हे आम्हीच दरवर्षी मोजू' असा नियम करून तो पाळला, असे आपल्याकडे घडलेले नाही.

अमेरिकेत ते घडले. तिथे १९६७ साली काळ्या वस्त्यांत दंगली उसळल्या. सरकारने नेमलेल्या कर्नर आयोगाने १९६८ मध्ये अहवाल दिला. त्यात वर्तमानपत्रांनाही दोष दिला होता, कारण तिथे काळे बातमीदार जवळजवळ नव्हतेच आणि काळ्या वस्तीची गोष्ट गोऱ्या नजरेनेच लिहिली जात होती. पुढे १२ डिसेंबर १९७५ ला वॉशिंग्टनमध्ये ४४ काळ्या पत्रकारांनी एकत्र येऊन स्वतःची संघटना काढली. चव्वेचाळीस! आपल्या एखाद्या विहाराच्या पौर्णिमेलाही याहून जास्त माणसे जमतात. १९९४ साली अटलांटा शहरात काळे, लॅटिनो, आशियाई आणि तिथले आदिवासी अशा चार पत्रकार संघटनांनी मिळून एकत्र अधिवेशन भरवले, तेव्हा हजारोंनी पत्रकार जमले होते.

या दबावाचा परिणाम काय झाला? १९७८ साली संपादकांच्या मुख्य संघटनेने ठराव केला की, देशात अल्पसंख्याक वंशांचे लोक जितके आहेत, तितक्या प्रमाणात ते २००० सालापर्यंत वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत आले पाहिजेत. नुसता ठराव करून ते थांबले नाहीत, दरवर्षी मोजणी सुरू केली. १९७८ मध्ये हे प्रमाण शंभरात चारसुद्धा नव्हते. २००० साली ते सुमारे बारावर पोहोचले. म्हणजे ठरवलेले गाठता आले नाही. देशातले प्रमाण त्याच्या दुपटीहून जास्त होते. १९९८ मध्येच त्यांनी मुदत २०२५ पर्यंत पुढे ढकलली. नंतर वर्तमानपत्रे माहितीच देईनाशी झाली आणि मोजणीचा जोरही ओसरला.

तेव्हा अमेरिकेचे सगळे गोड आहे असे मी सांगत नाही. पण चाराचे बारा झाले हे मोजल्यामुळे कळले. अपयश आले तेही आकड्यात दिसले, म्हणून त्यांना कोणी जाब विचारू शकला. आपल्याकडे यशही दिसत नाही आणि अपयशही दिसत नाही, कारण रजिस्टरच नाही. 'आम्ही जात पाहत नाही' हे वाक्य ऐकायला चांगले वाटते. पण जो पाहतच नाही, त्याला शून्य तरी कसा दिसणार?

आपल्या घरातला हिशेब

दुसऱ्याचे खाते तपासायचे तर आपलेही उघडून ठेवले पाहिजे. आपल्या चळवळीची शेकडो साप्ताहिके, पाक्षिके निघाली आणि बंद पडली. का बंद पडली? जाहिरात नव्हती हे खरे. पण १४ एप्रिलच्या विशेषांकात शुभेच्छा देणारे आपले किती बांधव पुढे वर्षाची वर्गणी भरतात? वार्ताहराला आपण बातमी लावायला सांगतो, फोटो छापायला सांगतो. त्याच्या एसटीचे, रिचार्जचे पैसे कोणी विचारत नाही. १९२८ साली बाबासाहेबांनी ज्या ऋणाची आठवण दिली ते अजून पुरते फिटलेले नाही. बाहेरच्या अधिवेशनात मानधनाचा ठराव मांडायचा असेल तर त्याची सुरुवात आपल्या पत्रांनी थोड्या तरी रकमेने करायला हवी. अगदी प्रवासखर्च दिला तरी पुष्कळ. आणि प्रत्येक वार्ताहराला एक नियुक्तिपत्र द्यावे. त्याला काही खर्च नाही, लेटरहेडचा एक कागद लागतो.

दुसरी बाब आपल्या लेकींची. खारघर-पनवेल पट्ट्यातल्या कॉलेजांत पत्रकारितेच्या वर्गात आता आपल्या मुली दिसतात. आई-बाप कर्ज काढून फी भरतात आणि मुलगी म्हणाली की मला बातमीदार व्हायचे आहे, तर घाबरतात. रात्री-अपरात्री बाहेर राहावे लागेल, लोक काय म्हणतील, लग्न कसे जमेल? काळजी खोटी नाही. पण त्यांना तानुबाई बिर्जे यांची माहिती द्यावी. १९०८ साली पती वासुदेवराव वारले, तेव्हा या बाईंनी 'दीनबंधु'चे संपादन हाती घेतले आणि ते चार वर्षे निभावले. लोखंड्यांनी चालवलेले तेच पत्र. अलीकडचे उदाहरण हवे असेल तर उत्तर प्रदेशातल्या बुंदेलखंडात २००२ साली सुरू झालेले 'खबर लहरिया' आहे. खेड्यातल्या दलित बायकांनी ते चालवले. आधी कागदावर, नंतर मोबाईलवर. त्यांच्यावर निघालेल्या माहितीपटाला २०२२ साली ऑस्करचे नामांकन मिळाले. ज्यांना गावात पाणवठ्यावर बाजूला उभे केले जायचे, त्या बायका पोलीस ठाण्यात जाऊन ठाणेदाराला प्रश्न विचारू लागल्या. आपल्या पत्रांच्या वार्ताहरांच्या यादीत बायांची नावे किती, हेही एकदा मोजून पाहावे.

जाणाऱ्यांसाठी चार गोष्टी

आता त्या दोघा तरुणांना उत्तर. जावे. जरूर जावे. पण चार गोष्टी करून जावे.

पहिली, एकट्याने जाऊ नये. तालुक्यातल्या आपल्या पाच-सहा वार्ताहरांनी मिळून जावे, त्यात एक तरी मुलगी असावी. खाड्याचे नुकसान होत असेल तर विहार समितीने किंवा मंडळाने वर्गणीतून तेवढी भरपाई करावी. मिरवणुकीच्या डीजेवर जो खर्च होतो, त्याच्या विसाव्या भागात हे काम होईल.

दुसरी, रिकाम्या हाताने जाऊ नये. आपल्या बातम्यांची कात्रणे तारीखवार चिकटवलेली एक वही बरोबर असावी. मोबाईलवरच्या बातम्यांच्याही छापील प्रती काढाव्यात. फॉर्ममधले रकाने रिकामे राहिले तरी वही भरलेली दिसली पाहिजे. हीच वही उद्या दाखल्यासाठी उपयोगी पडेल.

तिसरी, ठराव आधी लिहून न्यावा आणि तो संयोजकांकडे आठ दिवस अगोदर पोहोच घेऊन द्यावा. ऐनवेळी हात वर केला तर वेळ नाही म्हणून सांगतात. आवक क्रमांक पडलेला कागद टाळणे अवघड जाते. ठरावात मोघम काही नको. लोखंड्यांसारखा वार, वेळ, तारीख असलेला हवा. माझ्या मते तीन कलमे पुरेत. एक : अर्धवेळ व विनावेतन वार्ताहरांची नोंदणी तालुका संघाने अमुक तारखेपर्यंत करावी आणि त्यांना ओळखपत्र द्यावे. दोन : सदस्यांत व पदाधिकाऱ्यांत स्त्रिया किती, अनुसूचित जाती-जमातींचे व भटक्या-विमुक्तांचे लोक किती, याची माहिती दरवर्षी अहवालात छापावी. ज्याला सांगायचे नसेल त्याने सांगू नये, पण प्रश्न विचारला जावा. तीन : अधिवेशनाच्या कार्यक्रमात वार्ताहरांच्या प्रश्नांसाठी एक तास राखून ठेवावा आणि पाहुणे उशिरा आले तर सत्कारांतून वेळ कापावा, या तासातून नव्हे.

चौथी गोष्ट शिकण्याची. अधिवेशनात माहितीचा अधिकार, न्यायालयीन बातमीचे नियम, बदनामीचा कायदा, मोबाईलवर चित्रण कसे करावे, यांवर जाणकार माणसे बोलतात. पैसे भरले आहेत तर ते वसूल करावेत. वहीत टिपणे घ्यावीत. आपल्या पूर्वजांनी जलशातून, पोवाड्यातून वाडीवाडीवर बातमी पोहोचवली. भीमराव कर्डकांचे जलसे हे त्या काळचे चालते-बोलते वर्तमानपत्रच होते. ते लोक आपल्या साधनात तरबेज होते, म्हणून रात्र-रात्र माणसे बसून राहात. आजचे साधन वेगळे आहे, तरबेजपणा तेवढाच हवा. नुसत्या तळमळीने बातमी होत नाही. नाव, तारीख, आकडा, दोन्ही बाजूंचे म्हणणे, हे सगळे लागते. एक चुकीचा आकडा गेला की आपल्या शंभर खऱ्या बातम्यांवर शंका घेतली जाते.

एखादा ठराव फेटाळला गेला तर खचून जाऊ नये. कोणी मांडला, कोणी अनुमोदन दिले, कोणी विरोध केला, हे लिहून आणावे आणि आपल्या पत्रात जसेच्या तसे छापावे. पुढल्या वर्षी तोच ठराव पुन्हा न्यावा. रविवारच्या सुट्टीला सहा वर्षे लागली होती, हे विसरू नये.

आमच्या भागात वीस-पंचवीस वर्षांत काय काय आले! ओवे हे गाव २०१६ साली महापालिकेत गेले, उंच इमारती आल्या, २०२३ साली बेलापूर-पेंधर मेट्रो धावू लागली. प्रत्येक गोष्टीच्या उद्घाटनाची बातमी झाली. पण इमारतीच्या पायावर काम करणारा मजूर, धुणीभांडी करणारी बाई, कचरा उचलणारा ठेका कामगार यांच्या बातम्या लिहायला त्यांच्यातलाच कोणी तरी लागेल. तो कोणी तरी आता वस्तीत तयार होत आहे. त्याला नियुक्तिपत्राचा एक कागद, एसटीचे भाडे आणि अधिवेशनात बोलायला पाच मिनिटे, एवढेच द्यायचे आहे.

पनवेल, उरण, कर्जत, खालापूर या तालुक्यांत जे बांधव-भगिनी बातम्या लिहितात, त्यांनी आपले नाव, कोणत्या वर्षापासून लिहितात आणि कोणत्या पत्रात लिहितात, एवढे तीन ओळींत या साप्ताहिकाच्या पत्त्यावर कळवावे. यादी मी स्वतः करीन. आपले रजिस्टर आपण आधी उघडू, मग दुसऱ्याचे मागू.

कळावे. जयभीम!